मायक्रोमीटरच्या डब्याखाली ठेवलेलं पत्र

वडगाव, बेळगाव
नागपंचमीचा दुसरा दिवस

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून बापानं लेकाला पत्र लिहावं, हे तुझ्या आईला पटलेलं नाही. "समोरच आहे की तो, बोला की," म्हणाली. पण बोलायला गेलं की काय होतं ते काल दिंडांच्या ताटावर सगळ्यांनी बघितलं. तू म्हणालास, "आप्पा, गल्लीतली माणसं आली होती, पुढच्या महापालिकेला उभा राहा म्हणताहेत." आणि मी म्हणालो, "मग शेड कोण बघणार, तुझा बाप?" बाप तर समोरच बसलेला. सूनबाईला हसू आलं, तुला राग आला आणि तू तूप वाढायच्या आधीच उठलास. तेव्हा म्हटलं, लिहावं. लिहिताना आवाज चढत नाही.

हे पत्र मायक्रोमीटरच्या डब्याखाली ठेवतोय. सकाळी पहिलं मोजमाप घ्यायला तू तो डबा उघडतोसच. त्याच डब्यात, मखमलीच्या खाली, एक जुना स्क्रू आहे. लहानपणी तुला दाखवला होता, आता विसरला असशील. तुझ्या आजीचा खासबागेतला हातमाग मोडून काढला तेव्हा त्याच्या लाकडातून तो निघाला. डोळ्याजवळ धरून बघ. टोक बोथट आहे, पार सपाट. डोक्यावरची खाच मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेली. आटे एकसारखे नाहीत, कुणीतरी हातानं कानस मारून काढल्यासारखे. असा स्क्रू लाकडात आपला आपण शिरत नाही. आधी गिरमिटानं पूर्ण खोलीचं भोक पाडायचं, मग तो बसवायचा. टोक असलेला स्क्रू, जो आज आपण किलोवर विकत घेतो आणि ज्याच्याकडं ढुंकून बघत नाही, तो जगात तसा उशिराच आला. तो घराघरात पोचवणाऱ्यांत एक माणूस होता, आणि तो पुढं त्याच्या शहराचा महापौर झाला. तुझ्याशी बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल.

२००८ साली उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतले आम्ही काही जण बर्मिंगहॅमला मशिन टूल्सचं प्रदर्शन बघायला गेलो होतो, आठवतंय? तू तेव्हा शाळेत होतास, आणि मी तुला चॉकलेटं आणायची सोडून व्हर्नियर कॅलिपर आणला म्हणून रडला होतास. प्रदर्शन तीन दिवसांत बघून झालं. चौथ्या दिवशी मी एकटाच शहरात फिरलो. मधोमध एक चौक आहे, चेंबरलेन स्क्वेअर. तिथं दगडी कारंजं, त्यावर देवळाच्या शिखरासारखा ६५ फुटी मनोरा. १८८० साली उभारलेला. माणूस जिवंत असताना त्याचं स्मारक! (आपल्याकडंही जिवंत माणसांचे फलक लागतात म्हणा, पण ते वाढदिवसाचे, आणि आठवड्यात महापालिकेची गाडी येऊन काढून नेते.) मला तिथं सोडणारा टॅक्सीवाला पंजाबी होता. त्याला विचारलं, हा कोण? म्हणाला, "स्क्रू बनाता था." मी तिथंच पायरीवर बसलो. आपल्या धंद्यातला माणूस, आणि त्याच्यासाठी कारंजं?

परत आल्यावर मिळेल ते वाचून काढलं. जोसेफ चेंबरलेन. जन्म १८३६, लंडन. बाप चपला-बुटांचा कारखानदार. पोरगं सोळाव्या वर्षी बापाच्या धंद्यात आलं. त्याच्या आत्याच्या नवऱ्याचा, नेटलफोल्ड नावाच्या माणसाचा, बर्मिंगहॅमला स्क्रूचा कारखाना. त्यानं टोकदार स्क्रू काढणाऱ्या अमेरिकन यंत्राचे हक्क घ्यायचं ठरवलं, त्याला भांडवल कमी पडलं, ते चेंबरलेनच्या बापानं घातलं. आणि पैशावर नजर ठेवायला अठरा वर्षांच्या पोराला १८५४ साली तिकडं धाडलं. म्हणजे बघ, पोरगं काही ध्येयबिय घेऊन गेलं नव्हतं. बापाचे पैसे बुडू नयेत म्हणून गेलं होतं.

पुढची वीस वर्षं त्यानं हिशेब, विक्री, दर आणि गिऱ्हाइकं यांतच काढली. भरभराटीच्या काळात इंग्लंडात होणाऱ्या धातूच्या स्क्रूंपैकी दोन तृतीयांश एकट्या या कारखान्यात होत. छोटे स्क्रूवाले त्यात बरेच चिरडले गेले, हेही खरंच. तो काही संत नव्हता. आपल्या शेजारच्या शेडमध्ये असा माणूस आला असता तर मी त्याला शिव्याच घातल्या असत्या.

१८६९ साली तो नगरसेवक झाला, १८७३ च्या नोव्हेंबरात महापौर. त्या आधीची बर्मिंगहॅमची नगरपालिका कशी होती ऐकशील तर तुला आपलं गाव आठवेल. एक काळ असा होता, की नगरसेवकांची खरी बैठक सभागृहात नाही, वुडमन नावाच्या गुत्त्यात व्हायची. तिथं बसून खर्च कसा टाळायचा ते ठरायचं. गटार नको, कर वाढतो. दिवे नकोत, कर वाढतो. छोटे दुकानदार, घरमालक, सगळे एकाच तालात. मग जॉर्ज डॉसन नावाचा एक धर्मोपदेशक उभा राहिला आणि सांगायला लागला, की शहर नीट ठेवणं ही देवाचीच चाकरी आहे. आपल्याकडं गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडायचे, त्याच जातीचं हे. ते ऐकून मोठे कारखानदार, जे आजवर नगरपालिकेकडं नाक मुरडून बघत, ते निवडणुकीला उभे राहायला लागले. चेंबरलेन त्यांतला एक.

आता मुद्द्याचं. काल तू म्हणालास, "मला काहीतरी करायचंय." काहीतरी म्हणजे काय, ते तुझं तुला ठरवावं लागेल, कारण त्या माणसानं काय केलं ते मी धंदेवाल्याच्या नजरेनं वाचलंय.

शहरात गॅसच्या दोन कंपन्या होत्या, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या. एकीनं नळ टाकायला रस्ता खणला, बुजवला, की दुसरी तोच रस्ता खणायची. तू हसशील. आपल्या शेडपुढचा रस्ता एका वर्षात तीनदा खणला गेला, तुझ्या आजोबांची तिरडी फळ्या टाकून न्यावी लागली. कुणाचं काम होतं ते मी लिहीत नाही, तेव्हाही कुणी आपलं म्हणून कबूल केलं नव्हतं. चेंबरलेननं काय केलं? दोन्ही कंपन्या शहरानं विकत घ्याव्यात म्हणाला. किंमत १९ लाख ५३ हजार पौंड, त्या काळात! करदात्यांची छाती दडपली. तेव्हा तो म्हणाला, तुम्हाला नको असेल तर मी स्वतः विकत घेतो. बाळ, हे वाक्य फक्त धंदेवाला म्हणू शकतो. भाषण करणाऱ्याला ते सुचत नाही. त्यानं चोपडी बघितली होती. गॅस रोज खपतो, गिऱ्हाईक पळून जात नाही, आणि शहराच्या नावावर कर्ज काढून घेतला तर नफा शहराचाच. पहिल्याच वर्षी ३४ हजार पौंड नफा झाला.

यापेक्षा मला जास्त पटली ती पाण्याची गोष्ट. तिथं नळाला पाणी आठवड्यातनं तीन दिवस यायचं. बाकीचे दिवस माणसं विहिरीवर किंवा पाण्याच्या गाड्यांवर. जवळजवळ निम्मं शहर विहिरींवर अवलंबून, आणि त्यांतल्या पुष्कळ विहिरींत गटाराचं पाणी मुरलेलं. साथीवर साथी. त्यानं १८७६ च्या जानेवारीत पाण्याची कंपनीही घेतली, १३ लाख ५० हजार पौंडांना. पण इथं त्यानं गॅससारखा हिशेब मांडला नाही. पार्लमेंटच्या समितीपुढं सांगितलं, की पाण्यातून नफा काढायचा आमचा अजिबात विचार नाही, आमचा नफा लोकांच्या तब्येतीत निघेल. गॅसमध्ये नफा घेतला, पाण्यात नाही. कशात कमवायचं आणि कशात नाही, हे एकाच माणसाला दोन वर्षांत दोन वेगळ्या तऱ्हांनी कळलं. आपल्या शेडमध्येसुद्धा सगळ्या जॉबवर एकच मार्जिन लावणारा दुसऱ्या वर्षी कुलूप लावतो.

राकसकोप धरणाचं पाणी आपल्या गल्लीत कसं यायचं ते तुला आठवत असेलच. तुझी आई रात्री दोनला उठून नळाच्या तोंडाला कान लावायची. आधी हवेचा 'सूंऽऽ' आवाज यायचा, मग खोकल्यासारखं काहीतरी, मग करंगळीएवढी धार. पितळी घागर, मग बादल्या, मग पिंप. मे महिन्यात आठ-आठ दिवस नाही. ती झोप कधी भरून निघाली नाही तिची. मी बर्मिंगहॅमला गेलो त्याच सुमारास शहरातल्या थोड्या वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना आली, आणि त्या वॉर्डात राहणाऱ्या तुझ्या मावशीनं पहिल्या आठवड्यात पिंप विकलं की काय म्हणून आम्ही तिची थट्टा करायचो. तिनं विकलं नाही. अजून भरून ठेवते.

नंतर बर्मिंगहॅमनं वेल्सच्या डोंगरातून ७३ मैलांवरून पाणी आणलं, १९०४ साली, नुसत्या उतारावर, पंपाशिवाय. ते चेंबरलेन महापौर नसताना झालं, पण पाण्याचं खातं त्याच्या वेळचं. त्याच्यामागून येणाऱ्यांनी ते पुढं नेलं.

तिसरं काम रस्त्याचं, आणि त्याबद्दल माझं मन स्वच्छ नाही. शहराच्या पोटात दाट वस्ती होती, अंधारी, ओली. गलिच्छ वस्त्या काढायच्या १८७५ च्या कायद्याचा आधार घेऊन जवळजवळ ५० एकर जागा घ्यायची ठरवली आणि तिच्यातून रुंद रस्ता काढला, कॉर्पोरेशन स्ट्रीट. मी त्या रस्त्यावरून चाललोय. ऐन शहरातला बाजाराचा रस्ता, दोन्ही बाजूंना चढ्या इमारती. जागा विकली नाही, ७५ वर्षांच्या लीजवर दिली, म्हणजे नातवंडांच्या वेळेला सगळं शहराकडं परत. पदरचे १० हजार पौंडही घातले. त्या भागात दर हजारी ५३ माणसं मरत होती, ती पाच-सहा वर्षांत २१ वर आली. हे सगळं खरं. पण तिथं राहणारी माणसं कुठं गेली? नगरपालिकेनं त्यांना घरं बांधून द्यायची म्हटली तर परवडेना. हळूहळू ती शहराबाहेर सरकली. रस्ता झाला, दुकानं झाली, पण त्या खोल्यांतली बाई कुठं चूल मांडून बसली ते त्या पुस्तकांत दोन ओळींत उरकलंय.

त्याचं असं आहे, की आपल्या गावात याची उलटी बाजू घडलेली आहे. किर्लोस्कर रोडवरून तू रोज जातोस. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडाच्या नांगरानं जमिनीला विष लागतं असं शेतकरी म्हणायचे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. आणि धंदा कुठं उभा राहतोय तोवर शहरानं नवी वसाहत करायची ठरवली, आजची टिळकवाडी, आणि १९१० च्या सुरुवातीला त्यांना जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी बोलावलं, जागा दिली, दहा हजार रुपये कर्ज दिलं. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी झाली. आपल्याकडं उरलं ते रस्त्याचं नाव. वसाहत चुकीची होती असं मी म्हणत नाही, मी स्वतः टिळकवाडीत लेथ शिकलो. पण नगरपालिकेच्या नकाशावरची एक रेघ कुणाच्या शेडमधून जाते, हे रेघ ओढणाऱ्याला दिसलं पाहिजे. तू शेडमधला आहेस. निदान तुला दिसावं.

आता तू म्हणशील, आप्पा, तो काळ वेगळा, तो देश वेगळा. कबूल. चेंबरलेनला पाठोपाठ तीन वर्षं महापौरपद मिळालं आणि सगळी सभा त्याच्या मागं होती. आपल्याकडं महापौर वर्षाचा. आरक्षण फिरतं. खुर्चीची सवय होईतो उतरायची वेळ. सही चालते ती आयुक्तांची, आणि आयुक्त बंगळूरहून येतात आणि बंगळूरला जातात. ५८ नगरसेवकांच्या सभागृहात तू एक. २०२१ साली निवडून आलेल्यांना महापौर निवडायला २०२३ चा फेब्रुवारी उजाडला, दीड वर्ष ती माणसं नुसतीच नगरसेवक. तुझा वॉर्ड पुढच्या वेळेला राखीव झाला तर गल्लीतली माणसं तुझ्या बायकोकडं येतील, हेही तिला आधी विचारून ठेव.

आणि भाषा. मी कुठल्या बाजूचा ते तुला सांगायला नको. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत तुला दांडीवर बसवून नेलेलं आहे. २००५ साली महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला, महापौरांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळं फासलं गेलं, वर महापालिकाच बरखास्त झाली, तेव्हा मी दोन दिवस शेड बंद ठेवली होती. मराठीतून कागद मिळावेत म्हणून आपली माणसं अजून भांडतात, भांडावंच. पण तुला कन्नड येतं ते फिटरांशी बोलण्यापुरतं. 'नीर बंतेन', म्हणजे पाणी आलं का, एवढं विचारता येतं, अर्थसंकल्पातली उपकलमं वाचता येत नाहीत. कागद मराठीत मिळेपर्यंत ते कन्नडमध्येच येणार, आणि न वाचता हात वर करणारा नगरसेवक कुठल्या भाषेत हात वर करतो याला काही अर्थ नाही. आपल्याकडं बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतं, भात कुजतं, ते दर दोन-तीन वर्षांनी. त्या पाण्याची पातळी, नाल्याची रुंदी, अतिक्रमण, सगळं कुठल्या ना कुठल्या फायलीत आहे, आणि ती फाईल कन्नडमध्ये आहे. आपल्या टूल रूममधल्या धारवाडच्या पोराकडून रोज अर्धा तास शीक. त्याला पगार वाढवून देतो मी.

मध्येच एक गंमत सांगतो, विषयाला सोडून आहे. हाच चेंबरलेन पुढं ब्रिटिश सरकारात वसाहतींचा मंत्री झाला. बोअर युद्ध त्याच्याच काळातलं, आणि साम्राज्याचा तो पक्का भक्त. १९०२ च्या शेवटी तो दक्षिण आफ्रिकेत गेला तेव्हा तिथल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन गांधीजी त्याला भेटले, आणि त्यानं थंडपणे वाटेला लावलं. बावीस वर्षांनी, १९२४ साली, गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आपल्या टिळकवाडीत. आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले, तेही इथंच. अधिवेशनाच्या पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे. बर्मिंगहॅमच्या माणसांना पाणी पाजणाऱ्याला डर्बानमधल्या आपल्या माणसांची तहान दिसली नाही. म्हणून त्याचा फोटो मी शेडमध्ये लावलेला नाही, लावणारही नाही. त्याची चोपडी तेवढी घ्यावी.

त्या चोपडीतलं एक पान तुझ्यासाठी. महापौर असतानाच, १८७४ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यानं कारखान्यातून अंग काढून घेतलं. हिस्सा विकला, मोकळा झाला. गॅस आणि पाणी त्यानंतरचं. तू काय करणार आहेस? आपल्या शेडमधून दर महिन्याला पंपाचे शाफ्ट आणि बुश जातात, ते कोण घेतं? ठेकेदार घेतो. तो ते कुठं लावतो? पाणीपुरवठ्याच्या पंपात. महापालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाचा हितसंबंध निघाला तर पद जातं, तसा कायदाच आहे. ठेकेदाराला माल देणं हे त्यात बसतं की नाही, ते वकिलाला विचार. पण वकील 'नाही' म्हणाला तरी मला चालणार नाही. गल्लीतला माणूस वकिलाला विचारत नाही, तो आपल्या शेडच्या दारात उभी असलेली ठेकेदाराची गाडी बघतो. तेव्हा ते काम बंद. महिन्याच्या धंद्यातला किती भाग जाईल ते मी काढून ठेवलंय, वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं. थोडाथोडका नाही. वहिनीला, म्हणजे तुझ्या काकूलाही विचारावं लागेल, तिचे पैसे आहेत त्या दोन नंबरच्या लेथमध्ये.

आता जे लिहायला मला रात्रीचे साडेबारा वाजले ते.

चेंबरलेनच्या घरची गोष्ट. पहिली बायको १८६३ साली बाळंतपणात गेली. दुसरी, तिचीच चुलत बहीण, १८७५ साली, तीही बाळंतपणातच, तो महापौर असताना. घरात सहा मुलं. त्यानं स्वतःला कामात गाडून घेतलं. शहरानं कारंजं बांधलं, आणि धाकटा मुलगा नेव्हिल मोठेपणी सांगायचा, की लहानपणी बापाबद्दल मायेपेक्षा धाकच जास्त वाटायचा.

या नेव्हिलला बापानं बावीसाव्या वर्षी, १८९१ साली, बहामा बेटांपैकी अँड्रॉसवर धाडलं. वीस हजार एकर जमीन, सिसल लावायचा, म्हणजे दोरखंडाचा वाख, आणि घराण्याची घसरलेली गंगाजळी सावरायची. बापाचा हिशेब पक्का होता, फक्त त्या खडकाळ जमिनीला तो माहीत नव्हता. झाडं वाढेनात. पोरगं सहा वर्षं तिथं, एकटं, उन्हात, मजुरांबरोबर राबत. दर पत्रात बापाला कळवायचं, आणि शेवटी कळवलं की हे चालणार नाही. ५० हजार पौंड बुडाले. परत आला, बर्मिंगहॅममध्ये जहाजांतल्या बिछान्यांच्या धातूच्या चौकटी करणारा कारखाना चालवला, बरा चालवला. मग १९११ ला नगरसेवक, १९१५ ला लॉर्ड मेयर, आणि कामगारांना दोन पैसे साठवता यावेत म्हणून शहराची स्वतःची बँक काढली. पुढं पंतप्रधान झाला, हिटलरशी म्युनिकचा करार केला, त्याबद्दल जग काय म्हणतं ते तुला माहीतच आहे.

माझं अडलं ते अँड्रॉसवर. बारावीला तुला वास्तुशास्त्राला जायचं होतं. मी म्हटलं, शेड आहे, डिप्लोमा कर, बस लेथवर. तू बसलास. चौदा वर्षं झाली. काम चोख करतोस, गिऱ्हाइकाला शब्द दिला की पाळतोस, माझ्यापेक्षा रिजेक्शन कमी काढतोस. पण जॉब पूर्ण झाल्यावर तो हातात घेऊन उजेडाकडं धरून बघायची माझी जी सवय आहे, ती तुला कधी लागली नाही. हे मी पाहत आलोय आणि गप्प बसलोय. तू जेवताना रस्त्यांबद्दल, नाल्याबद्दल, त्या उड्डाणपुलाच्या चढाबद्दल बोलतोस तेव्हा मात्र हातातला घास तसाच राहतो तुझा. काल मी 'शेड कोण बघणार' असं ओरडलो, तेव्हा खरं तर मला भीती वाटली, की माझा सिसल वाळतोय.

सहा वर्षांनी पत्र लिहून 'हे चालणार नाही' म्हणायची हिंमत त्या पोरात होती. तू चौदा वर्षांत एकदाही म्हणाला नाहीस. मी विचारलंही नाही.

तेव्हा आता विचारतो. रविवारी आपण दोघं सकाळी नाल्याच्या कडेनं चालत जाऊ, येळ्ळूर रोडपासून जिथवर जाता येतं तिथवर. टेप घे, पन्नास मीटरची. कुठं किती रुंद आहे ते आपण आपलं मोजू आणि मांडू. फिरताना मला सांग, शेड ठेवायची, विकायची, की भाड्यानं द्यायची. मी मध्ये बोलणार नाही. तुझ्या आईनं ऐकलं तर ती यावर हसेल, पण मी प्रयत्न करीन.

काकूशी पैशाचं मी बोलतो, तू नको बोलूस. शाफ्टचं काम या महिन्याची ऑर्डर संपवून बंद करायचं की नाही, ते मात्र तूच ठरव, आणि ठेकेदाराला तूच फोन कर.

गुरुवारी दोन नंबरच्या लेथचं बेअरिंग हुबळीहून येणार आहे. ट्रान्सपोर्टवाला सकाळी अकराच्या आत येतो आणि थांबत नाही. मला डोळ्याच्या डॉक्टरांकडं जायचंय. कुणीतरी शेडमध्ये असायला हवं. पावती बघून घे, मागच्या वेळी नंबर चुकीचा पाठवला होता.

दिंडं आईनं झाकून ठेवली आहेत. तूप गरम करून घे.

तुझा
आप्पा